पश्चिमेकडे गेलेलं विमान

१

किनुच्या उंबऱ्यावर सकाळी सकाळी कोणीतरी मेलेल्या माणसाचा भात ठेवून गेलं होतं.

वाडगा शिगोशीग भरलेला, आणि भातात जेवायच्या काड्या उभ्या रोवलेल्या. आमच्याकडे पोराने खेळता खेळता काड्या अशा खोचल्या, तर आई आधी हातावर फटका मारते आणि मग ओरडते, कारण तसा भात फक्त मेलेल्यापुढे ठेवायचा असतो. वाडग्याशेजारी वैमानिकाचा चष्मा होता. कातडी पट्ट्याचा, एक काच तडकलेली, कडांवर मीठ वाळलेलं.

मी तिच्याकडे थोडी रताळी द्यायला गेले होते. मागच्या दाराने. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत तिच्या पुढच्या दाराने जायची माझी छाती नव्हती. हाका मारून दमले तेव्हा पुढे येऊन पाहते तर ही बाई वाडग्यासमोर उकिडवी बसलेली.

"मात्सुए," ती वर न बघताच म्हणाली, "माझा रेइजी मेलाय का गं?"

"काय अभद्र बोलतेस!"

"अभद्र? मेला असेल तर बरं, असं म्हणायची वेळ आणलीय गावाने माझ्यावर."

ती खरं तेच बोलत होती. युद्धाचा शेवटचा हिवाळा होता तो. शेवटचा आहे हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक? रेइजी कोसुगे, किनुचा एकुलता एक मुलगा, खाडीपलीकडच्या नौदलाच्या तळावर वैमानिक होता. चाकांऐवजी होडक्यासारखे पाय असलेलं, पाण्यावर उतरणारं विमान चालवायचा. डिसेंबर लागता लागता, एका स्वच्छ सकाळी, दुरुस्त केलेलं इंजिन तपासायला तो एकटाच उडाला आणि परतलाच नाही. अधिकारी गावात विचारायला आले, तेव्हा गोंझो उराता पुढे झाला. गोंझो म्हणजे गावच्या मोठ्या जाळ्याचा मालक. त्याने सांगितलं, विमान पश्चिमेकडे, उघड्या समुद्रावर जाताना दिसलं. नौदलाच्या बोटी पश्चिमेला शोधून शोधून थकल्या. हाती काही लागलं नाही.

मग कुजबुज सुरू झाली. एकटाच, चांगल्या हवेत, पश्चिमेकडे गेला आणि सापडत नाही, म्हणजे काय? म्हणजे पळाला. शत्रूला जाऊन मिळाला.

झालं. शाळेच्या भिंतीवरून त्याचा फोटो उतरला. महिला मंडळाने किनुला काढून टाकलं. नवीन वर्ष उजाडलं की लष्करी पोलीस तिला चौकशीला नेणार, असा तळावरून निरोप आला होता. त्या चौकशीला गेलेली माणसं कशी परत येतात, ते आम्ही पाहिलेलं होतं.

मी चष्मा उचलला. पट्ट्याच्या बकलात तपकिरी धागा गुंतला होता. ओढला तरी सुटेना.

"उराताच्या मोठ्या जाळ्याचा आहे तो," किनु म्हणाली. "सालीच्या काढ्यात मीच रंगवलाय."

म्हणजे रेइजी पश्चिमेला कुठेही गेलेला नव्हता. तो आमच्याच पाण्यात पडला होता, आणि गावातल्या कोणालातरी ते ठाऊक होतं.

२

आमच्या हामागुरा गावचा हवालदार म्हणजे माझा नवरा, साकुतारो हिराइवा. चौकी आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत. त्यामुळे ज्याला हवालदार हवा असतो त्याला आधी मी भेटते, आणि कोणाची कोंबडी कोणी लांबवली ते ह्यांनी टोपी घालेपर्यंत मला कळलेलं असतं. हे मठ्ठ आहेत असं नाही हं. मऊ आहेत. चोराला पकडतात आणि त्याच्या पोरांनी आज काय खाल्लं ते विचारत बसतात.

मी चष्मा ह्यांच्यासमोर ठेवला. ह्यांनी हात लावला नाही.

"समुद्राने आणून टाकला असेल," हे म्हणाले.

"आणि भात? तोही समुद्रानेच शिजवला? वर काड्यासुद्धा खोचून गेला, शहाणा!"

एरवी हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत.

"मात्सुए, तू ह्यात पडू नकोस."

"बरं, मग तुम्ही पडा."

"मी बघतो."

ह्यांचं 'मी बघतो' मला लग्नापासून पाठ आहे. त्याचा अर्थ, काही होणार नाही. मी समोर रताळ्याचा भात आणि वाळवलेल्या तारल्या वाढल्या. ह्यांनी तारल्यांची ताटली हळूच बाजूला सारली.

"अजून पोट बरं नाही? किती दिवस झाले, माशाला शिवत नाही तुम्ही. देवळात भिक्षू व्हायचंय की काय?"

"नको वाटतं," एवढंच बोलून हे उठले.

उठले तर उठले. किनुला न्यायला पोलीस येणार होते आणि मी घरात तारल्या मोजत बसणार होते का? डोक्याला रुमाल बांधला आणि निघाले. आधी भात. त्या दिवसांत पांढरा भात म्हणजे काय चेष्टा होती? आम्ही सगळे रताळी आणि कोंडा खात होतो. वाडगाभर निव्वळ पांढरा भात ज्याच्या घरात होता, तो माणूस मला हवा होता.

३

रेशनचा तांदूळ नोबुएबाईच्या हातात होता. महिला मंडळाची अध्यक्ष. 'पळाला' हा शब्द गावात पहिल्यांदा उच्चारणारी हीच.

"पांढरा तांदूळ?" तिने कपाळाला आठ्या घातल्या. "तो फक्त आजाऱ्याला पेजेसाठी मिळतो, हवालदारीणबाई. तुम्हाला माहीत नाही होय?"

"मग ह्या महिन्यात कोणाकोणाला दिलात?"

"कोणालाच नाही. कोणी आजारीच पडलं नाही. थंडी असो की उपासमार, हामागुराची माणसं दगडासारखी आहेत. माझा तांदूळ जागच्या जागी आहे, पोत्याची शिवण बघा हवं तर."

मी बघितलंही. शिवण शाबूत होती.

"का विचारताय?" तिचे डोळे बारीक झाले. "किनुच्या घरी भात शिजतोय वाटतं? मला ठाऊकच होतं. मुलगा तिकडून काहीतरी पाठवत असणार."

"हो ना," मी म्हटलं, "समुद्रातून टपाल येतं तिला. तुमचंही काही पाठवायचं असेल तर सांगा."

तिचं तोंड उघडं पडलेलं पाहून मला क्षणभर बरं वाटलं. पण चार पावलं गेले नाही तोच लाज वाटली. हिने किनुला मंडळातून काढलं तेव्हा हात वर करणाऱ्या बायकांत मीही होते. हवालदाराच्या बायकोने वेगळं कसं दिसायचं, म्हणून.

तांदूळ रेशनचा नव्हता, तर मग उरली एकच जागा. मोठ्या जाळ्यात घबाड लागलं की मालक जाळ्यावरच्या माणसांना पांढरा तांदूळ वाटतो. बापजाद्यांपासूनची रीत आहे. पण गोंझो तर सगळा महिना रडत होता, जाळ्यात तारल्यांपलीकडे काही येत नाही म्हणून.

जाळ्यात काय आलं आणि काय नाही, हे गोंझोपेक्षाही आधी एका माणसाला दिसतं. मी टेकडी चढायला लागले.

४

टेकडीच्या टोकावर तोमेकिची आजोबांची झोपडी आहे. तिथे बसून ते दिवसभर पाण्याचा रंग बघतात. माशांचा थवा जाळ्याच्या तोंडाशी आला की पाणी काळपट होतं, मग आजोबा पांढरं फडकं बांधलेली काठी हलवतात आणि खालच्या होड्या जाळ्याचं तोंड बंद करतात; पुरुष युद्धावर गेल्यापासून होड्यांवर बायकाच आहेत. आजोबांच्या काठीशिवाय मोठं जाळं कोणी ओढूच शकत नाही.

"या, या," ते म्हणाले. "ह्या थंडीत वर कशा? नवऱ्याशी भांडलात?"

"भांडायला हे बोलायला तर हवेत! चहा पाजा."

चहा कसला, भाजलेल्या जवाचं पाणी. त्यांनी ते वाडग्यातच दिलं. वाडगा हातात घेतला आणि माझी बोटं जागच्या जागी थांबली. निळसर झिलई, कडेला ओघळ आलेला. असाच वाडगा सकाळी किनुच्या उंबऱ्यावर होता. फक्त तो लहान होता, पोराच्या हातात मावेल एवढा.

"जोडीतला दुसरा कुठे गेला, आजोबा?"

"फुटला."

"रेइजी लहानपणी इथे यायचा ना?"

"यायचा म्हणजे? इथेच वाढला तो. बाप नव्हता, आई दिवसभर शेवाळ गोळा करायला. माझ्याबरोबर जेवायचा आणि पाण्याकडे बघत बसायचा." म्हाताऱ्याचा चेहरा जरा उजळला. "विमान घेऊन जायचा ना इथून, तेव्हा मी काठी हलवायचो. तोही खिडकी सरकवून हात हलवायचा. दर वेळेला. कधी चुकला नाही."

"मग शेवटचा उडाला तेव्हाही हलवली असेल."

"त्या दिवशी..." आजोबांनी वाडगा खाली ठेवला. "त्या दिवशी मी तापाने घरी पडलो होतो. इथे आलोच नाही."

"बाई गं! मग पेजेचा तांदूळ घेतला नाहीत तो? नोबुए म्हणते, गावात कोणी आजारीच नव्हतं. आणि गोंझोने नौदलाला काय सांगितलं, ठाऊक आहे? 'विमान पश्चिमेकडे जाताना तोमेकिचीने टेकडीवरून पाहिलं आणि मला सांगितलं,' असं. तापात पाहिलंत का आजोबा?"

"माझं नाव?" ते म्हणाले. गोंझोने आपलं नाव घातलंय हे त्यांना माहीतच नव्हतं.

मी बाहेर बघितलं. खाली बेन्तेनच्या खडकापाशी जाळं होतं, नेहमीच्या जागी. पण त्याच्यावर तरंगणारे बांबू हिरवे होते. दोर पिवळेधमक. मोठं जाळं पावसाळा संपल्यावर पाण्यात पडतं, आणि हिवाळ्यापर्यंत त्याचा बांबू न् बांबू काळा पडतो. भर हंगामात अख्ख्या जाळ्याचे दोर आणि बांबू कोणी हौसेने बदलतं का?

"काय झालं त्या दिवशी?"

"मी सांगणार नाही. माझ्या एकट्याचं असतं तर केव्हाच सांगितलं असतं." आजोबा भिंतीकडे तोंड करून बसले. "पण तो पळाला नाही. त्याच्या आईला कळावं म्हणून वाट्याला आलेल्या तांदळाचा भात ठेवला. मेल्यावर निदान पोटभर भात तरी मिळावा पोराला."

मी उठले. तशीच खाली जाळ्याच्या शेडकडे निघाले.

५

गोंझो उराता जाळ्याच्या शेडमध्ये एकटाच होता. धिप्पाड माणूस, दोन्ही मुलगे आघाडीवर. मला बघून तो हसला, पण हसू गालापर्यंत पोचलं नाही.

मी चष्मा त्याच्या मांडीवर टाकला.

"जाळ्यात अडकून आला असेल," तो म्हणाला. "लाटेने वाहत."

"तुझ्या जाळ्याचे दोर नवे का, गोंझो?"

"कुजले होते."

"सगळे? एकाच वेळी?"

"युद्धातला माल, वहिनी. काय सांगू."

"मी सांगते, तू ऐक. रेइजी उडाला त्याच दिवशी दुपारी माझ्या चुलीवर हामाची मासा होता. हातभर लांब, अंगावर पिवळा पट्टा, चरबीने नुसता चमकत होता. बेन्तेनच्या खडकाशी तारल्या येतात. तिथे हामाची आलेला माझ्या सासूनेही पाहिला नव्हता. हामाची फिरतो बाहेर, खाडीच्या तोंडाशी. आणि तिथे जाळं टाकायला बंदी आहे, कारण ते पाणी नौदलाने विमानांना उतरायला मोकळं ठेवलंय."

गोंझोने चष्मा दोन्ही हातांत घट्ट धरला.

"रेइजीला बेन्तेनचं जाळं कुठे असतं ते ठाऊक नव्हतं का? शेंबड्या पोराला ठाऊक आहे. जिथे जाळं आहे तिथे तो कशाला उतरेल? तो उतरला तिथे, जिथे जाळं नसायला हवं होतं. तू जाळं हलवलं होतंस, गोंझो."

तो धिप्पाड माणूस रडायला लागला. मी काही त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

"लोक कोंडा खात होते, वहिनी," तो म्हणाला. "नौदलाची विमानं उडतच नव्हती, तेल कुठे होतं त्यांच्याकडे? म्हटलं, चार दिवस. चारच दिवस हामाची पकडू, गावात वाटू आणि जाळं परत आणू. त्या सकाळी पाणी काळं झालं, आम्ही जाळ्याचं तोंड बंद केलं, आणि तेवढ्यात ते विमान खोकत खोकत आलं. इंजिन बंद पडत होतं. खाली आम्ही ओरडतोय. वर म्हातारा काठी हलवतोय, इकडे नको, इकडे नको म्हणून. आणि रेइजी..."

"काय?"

"त्याने खिडकी सरकवली आणि हात हलवला. त्याला वाटलं, म्हातारा नेहमीसारखा ओळख देतोय."

मी जाळ्याच्या ढिगावर बसले.

"विमानाचा पाय दोरात अडकला. एकदम उलटं झालं. जाळ्यासकट खाली गेलं, पाणी खोल आहे तिथे. आम्ही उड्या मारल्या, दोर कापले, काही उपयोग झाला नाही. उरलेलं जाळं वर ओढलं त्यात हा चष्मा होता. टेकडीवरून धावत आलेल्या म्हाताऱ्याने तो छातीशी धरला, तो सोडेचना."

"मध्ये टेकडी आहे म्हणून तळावरून काही दिसलं नाही, आणि संध्याकाळी वारा सुटला तेव्हा तेलाचा तवंगही पांगला," मी म्हटलं. "आणि किनु?"

"टेकडीच्या मागे. शेवाळ गोळा करत होती."

"आणि तू सांगितलंस, पश्चिमेकडे गेलं! एका आईला..."

"ते मला सुचलेलं नव्हतं!" तो ओरडला. मग मान खाली घालून म्हणाला, "घरी जा, वहिनी. मी तुमच्या पाया पडतो. ह्यापुढे काही विचारू नका आणि घरी जा."

६

घरी जाताना रस्ताभर मी स्वतःला सांगत होते, छे, भलतंच काय. पण हिशोब करायची खोड वाईट. एकदा लागली की थांबत नाही.

त्या दुपारचा हामाची माझ्या चुलीवर आणला कोणी? ह्यांनी. पेंढ्यात गुंडाळून, स्वतः. वर म्हणाले, गोंझोने दिला. म्हणजे जाळं ओढलं त्या वेळी हे किनाऱ्यावर होते. त्या रात्री मी जेवायला बोलावलं तेव्हा हे अंगणात ओकत होते आणि मी म्हटलं, चरबी बाधली. तेव्हापासून ह्यांनी मासा तोंडात घातला नव्हता. आणि मोठं जाळं बंदीच्या पाण्यात हलवणं ही काय कोंबडी लांबवण्याइतकी सोपी गोष्ट होती? सगळ्या होड्यांच्या देखत, हवालदाराच्या नाकासमोरून? गोंझो कितीही धिप्पाड असू दे, हवालदाराला विचारल्याशिवाय त्याची हिंमत झाली नसती.

हे पुढच्या खोलीत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. दिवे लागले नव्हते अजून.

"परवानगी तुम्ही दिलीत," मी म्हटलं.

"परवानगी नाही दिली." आवाज अगदी साधा होता. "मी म्हटलं, मला काही दिसलेलं नाही असं समजा. मला वाटलं, मी फार चांगलं काम करतोय. नोबुएचा नातू पोट धरून रडताना मी पाहिला होता."

"आणि पश्चिम?"

"तेही माझंच. नौदलाच्या बोटी येणार हे दिसत होतं. जाळं कुठे होतं ते त्यांना कळलं असतं तर गोंझो गेला असता, म्हातारा गेला असता, होड्यांवरच्या सगळ्या बायका गेल्या असत्या. पोर तर गेलंच होतं. मी गोंझोला म्हटलं, पश्चिमेकडे गेलं म्हण. बोटी दुसरीकडे जाव्यात, एवढंच होतं डोक्यात. पश्चिमेकडे म्हणजे लोक पळाला म्हणतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही, मात्सुए. शपथ घेऊन सांगतो. आलं तेव्हा उशीर झाला होता."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"भीती वाटली."

बस, एवढंच. ना कारण, ना सबब. मी चिडायला हवं होतं. ह्यांच्या अंगावर ती टोपी फेकायला हवी होती. मी गावातली हुशार बाई, सगळ्यांना पकडत पकडत घरापर्यंत आले, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल?

"कोणाला सांगू नका."

"गोंझो बोलणार नाही," मी म्हटलं. "म्हातारा बोलणार नाही. होड्यांवरच्या बायका इतके दिवस बोलल्या नाहीत, पुढेही बोलणार नाहीत. चष्मा मी चुलीत घालते. किनुला मी सांभाळून घेईन, रोज तिच्याकडे जाईन, पुढच्या दाराने जाईन..."

"आणि पोलीस तिला घेऊन जातील तेव्हा?"

"ती कणखर आहे."

हे शब्द मी बोलले. आजही कधी एकटी असताना ते मला ऐकू येतात आणि अंगावर काटा येतो. मी त्या हामाचीचा दोनदा तुकडा वाढून घेतला होता, आणि एक तुकडा किनुकडेही पाठवला होता. तिनेही तो खाल्ला होता. आता मी त्याच किनुला पोलिसांच्या हवाली करायला निघाले होते, कारण मला माझा नवरा हवा होता.

ह्यांनी टोपी घातली, काढली, परत घातली.

"गेले इतके दिवस मी हेच म्हणतोय, ती कणखर आहे," हे म्हणाले. "आज तुझ्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं, किती घाण वाक्य आहे ते. सकाळी माझा गणवेश काढून ठेव. धुतलेला."

७

किनुने सगळं ऐकून घेतलं. हे तिच्या अंगणात गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून बोलत होते. मागे गोंझो आणि तोमेकिची आजोबा. सांगून झालं तेव्हा कोणी डोकं वर केलं नाही.

"इंजिन बंद पडलं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे तो उतरायला घरापाशी आला." मग ती आजोबांकडे वळली. "हात हलवला त्याने? हसत होता?"

आजोबांनी मान डोलावली.

"तळावर जाऊन हेच सांगणार, हवालदारसाहेब? जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं."

"मग मीही येते. एकटं सोडलं तर वाटेत माघारी फिराल तुम्ही."

तिने घरात जाऊन गडद रंगाचा चांगला किमोनो घातला. गोंझोने होडी काढली. मला कोणी ये म्हटलं नाही आणि येऊ नको असंही म्हटलं नाही. मी बसले ह्यांच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून. लग्नानंतर चारचौघांत कधी अशी बसले नव्हते.

खाडीच्या तोंडाशी किनुने विचारलं, "कुठे?"

गोंझोने वल्हं थांबवलं आणि बोट दाखवलं. पाणी बाकीच्या पाण्यासारखंच होतं, हिरवं आणि शांत. आमच्याकडे माणूस गेला की घरचं कोणीतरी त्याचं नाव मोठ्याने हाकारतं, निघालेला जीव ऐकून वळलाच तर वळावा म्हणून. किनुला आजवर ते करता आलं नव्हतं. पळालेल्याला कोणी हाकारत नाही. ती होडीची कड दोन्ही हातांनी धरून वाकली.

"रेइजी!" तिने हाक मारली. "रेइजी! ए रेइजी!"

संध्याकाळी जेवायला बोलवावं तशीच हाक होती ती. पुन्हा पुन्हा मारली. तोमेकिची आजोबा होडीच्या तळाशी अंग मुडपून पडले होते, आणि हे रडत होते, गणवेशावर, नाक न पुसता.

आणि मी? मी देवाची शपथ घेऊन सांगते, त्याही वेळी माझ्या मनात पापच होतं. मला वाटत होतं, आता हिचं मन भरलंय. हिला कळलंय. आता ही म्हणेल, जाऊ द्या, झालं ते झालं, होडी वळवा. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, भीक मागितल्यासारखी.

किनुने किमोनोच्या बाहीने तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनातलं तिने अक्षर न् अक्षर वाचलं होतं.

"मात्सुए," ती म्हणाली, "तुझा नवरा मला नको होता गं. मला माझा मुलगा मेलेला तरी हवा होता."

मग ती गोंझोकडे वळून म्हणाली, "चल."

गोंझोने वल्हं पाण्यात घातलं. मी ह्यांचा हात धरला, आणि नौदलाच्या तळाचा धक्का येईपर्यंत तोंडातून एक शब्द काढला नाही.